नॅनोसेल्युलोजचा पृष्ठभाग बदलावा का लागतो?

तुमचा प्रश्न असा आहे की नॅनोसेल्युलोज (वनस्पतींतल्या सेल्युलोजचे काही नॅनोमीटर जाडीचे तंतू किंवा स्फटिक) मुळातच मजबूत आणि वनस्पतीजन्य आहे, तर त्यावर रासायनिक प्रक्रिया कशाला, आणि ती केल्यावर ते पर्यावरणपूरक उरतं का? मी याच पदार्थावर काम करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

सेल्युलोज स्फटिकाचा लांबीच्या दिशेतला ताठरपणा सुमारे १४० गिगापास्कल, म्हणजे ॲल्युमिनियमच्या दुप्पट, आणि वजनाला मात्र तो कितीतरी हलका. अडचण पृष्ठभागावरच्या हायड्रॉक्सिल गटांची (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या). ते पाणी ओढतात आणि एकमेकांनाही. तंतू एकदा वाळले की असे चिकटतात की पुन्हा सुटे होत नाहीत. पॉलिप्रॉपिलीनसारख्या पाण्याशी न जमणाऱ्या प्लास्टिकमध्ये तर त्यांच्या गुठळ्याच होतात.

यावरचा मला सर्वांत सुंदर वाटणारा उपाय टोकियो विद्यापीठातल्या इसोगाई आणि साइतो या संशोधकांचा. टेम्पो नावाचा उत्प्रेरक वापरून ते पृष्ठभागावरच्या ग्लुकोज घटकांच्या सहाव्या कार्बनवरल्या हायड्रॉक्सिलचं कार्बोक्सिलेट (ऋण भार असलेला गट) करतात, तेही पाण्यातच. आतला स्फटिक तसाच राहतो. पृष्ठभागावर ऋण भार आला की तंतू एकमेकांना दूर ढकलतात, आणि एरवी यंत्राला प्रचंड ऊर्जा लागते ते काम सौम्य ढवळण्यानं होतं. हाती येतात ३-४ नॅनोमीटर जाडीचे सुटे तंतू. या कामासाठी संशोधक निशियामा यांच्यासह त्यांना २०१५ चा मार्कस वॉलेनबर्ग पुरस्कार (वनाधारित संशोधनासाठीचा) मिळाला.

सल्फ्युरिक आम्लानं स्फटिक वेगळे केले तर सल्फेट गट आपोआप चिकटतात. असे स्फटिक पाण्यात उत्तम पसरतात, पण उष्णता कमी सोसतात.

पाणी झिडकारायला लावायचं असेल तर ॲसिटिलीकरण (हायड्रॉक्सिलवर ॲसिटिल गट बसवणं) किंवा सिलेन (सिलिकॉनयुक्त संयुगं). प्रक्रिया फार ताणली तर ती आत शिरते आणि ज्या स्फटिकासाठी सगळा खटाटोप, तोच ढासळतो.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा द्रावकात असतं. अशा अनेक प्रक्रिया टोल्युईन किंवा डायमिथिल फॉर्मामाइड अशा घातक सेंद्रिय द्रावकांमध्ये होतात. आधी सगळं पाणी काढा, मग द्रावक धुऊन काढा. त्याला पर्यावरणपूरक म्हणायला माझं मन धजत नाही. काही सिलेन मात्र पाण्यातही काम करतात: मिथिलट्रायमेथॉक्सिसिलेन मिसळून गोठवून वाळवलं की तेल शोषणारा, पाणी न घेणारा स्पंज मिळतो. झायलोग्लुकन ही वनस्पतीजन्य बहुशर्करा तर वनस्पतीच्या पेशीभित्तिकेतही सेल्युलोजला धरूनच असते. तिला हवा तो गट जोडून पाण्यात सोडलं तर ती तंतूंवर आपणहून बसते. जिथे हे पुरेसं आहे तिथे मी दुसरं काही वापरणार नाही. शोधनिबंध वाचताना आधी द्रावक कोणता आणि किती वेळा धुतलं, ते बघा.