वाचताना मूल अडखळतं तेव्हा

प्रश्न : मुलगा दुसरीत आहे. ऐकलेली गोष्ट घडाघडा सांगतो, पण वाचताना ‘घर’चं ‘धर’ करतो. बाई म्हणतात, लक्ष नसतं. (एक आई, नौपाडा)

लक्ष नसतं तर गोष्ट तरी कशी पाठ झाली असती? आधी डोळे आणि कान तपासून घ्या. दोन्ही ठीक असतील तर डिस्लेक्सियाची शंका घ्यायला हवी. यात बुद्धी कमी नसते. कोणत्या अक्षराचा कोणता आवाज, ही जोडणी जड जाते.

रोज पंधरा मिनिटं पुरेत. ताटात रवा पसरा, बोटाने ‘घ’ गिरवताना तोंडाने ‘घ’ म्हणू द्या. ‘ध’ त्याच दिवशी अजिबात नको, ‘घ’ पक्का झाल्यावरच घ्या. बाहेर पडलात की घोडबंदर रोडच्या पाट्यांवर ‘घ’ शोधायला लावा. घरी तीन शेंगदाणे मांडून क-म-ळ म्हणा. पहिला उचलला, काय उरलं? ‘मळ’. हा खेळ पुस्तकाविना होतो, म्हणून मूल बिचकत नाही. पूर्ण बाराखडी एकदम नको. आधी नुसता काना : काका, मामा, नाना. जोडाक्षरं सगळ्यात शेवटी.

प्रश्न : मुलगी चौथीत. चुकलेला शब्द दहा वेळा लिहून घेते, तरी सुधारणा नाही. वहीचं पान पाठवत आहे. (ऐरोली)

पान पाहिलं. ‘पाणि’ आठ वेळा, शेवटच्या दोन ओळींत ‘णापि’. पोरगी दमली होती हो! हे दहा वेळांचं आजच थांबवा, त्याने चूकच पक्की होते.

आपण बोलताना शेवटची वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ, हे कानाला कळत नाही. म्हणून नियम हाताशी द्या : शब्दाच्या शेवटची वेलांटी, उकार दीर्घ. पाणी, वाटी, लाडू, चाकू. ‘आणि’, ‘परंतु’ असे मोजके अपवाद भिंतीवर चिकटवा. रफारासाठी तुर्भे स्टेशनची पाटी दाखवा.

प्रश्न : रंगीत काचांच्या चष्म्याने फरक पडतो का? पुढे परीक्षेचं काय? (एक वडील, खारघर)

नाही. चष्म्याचे पैसे विशेष शिक्षकाकडे लावा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता येते, डिस्लेक्सिया त्यातच मोडतो. सरकारी प्रमाणपत्र असेल तर जादा वेळ, लेखनिक मिळू शकतो. कोणत्या रुग्णालयात जायचं ते शाळेत विचारा, आणि दहावीपर्यंत थांबू नका.