आधी ठसे की आधी रसायन?

प्रश्न : शेतातल्या खोलीत कीटकनाशकाची अर्धी भरलेली बाटली सापडली. तिच्यावरचे ठसे हवेत आणि आतले औषधही तपासायचे आहे. आधी काय? (बार्शी)

आधी फोटो, मग ठसे, शेवटी औषध. पोलीस येईपर्यंत बाटली आहे तिथेच राहू द्या. हातमोजे घालूनही ती मधोमध धरू नये, कारण पकड तिथेच असते आणि मोज्याने ठसा पुसला जातो. झाकण आणि बूड धरून ती खोक्यात दोऱ्याने पक्की बसवतात; प्लास्टिकच्या पिशवीत ती घासते. प्रयोगशाळेत सायनोअ‍ॅक्रिलेट (आपल्या झटपट चिकटणाऱ्या गोंदातले रसायन) बंद पेटीत तापवून त्याची वाफ देतात. पेटीतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास लागते. ती कमी पडली तर ठसा नीट उमटत नाही. वेळ जास्त झाला तर दोन रेषांमधली फटही पांढरी होते, आणि मग तज्ज्ञाला वाचायला काही उरत नाही.

आतल्या द्रवाचा अंदाज टीएलसीच्या (द्रवातले घटक वेगवेगळ्या उंचीपर्यंत चढवून वेगळे करायची पद्धत) सिलिका पट्टीवर घेतात, खात्री जीसी-एमएसवर (घटक वेगळे करून रेणूंवरून ओळखणारे यंत्र). नुसत्या पट्टीवर विसंबू नये. दोन निराळी औषधे जवळजवळ एकाच उंचीवर थांबू शकतात.

प्रश्न : व्हिसेरा (मृतदेहातून तपासणीसाठी काढलेले अवयव) मिठाच्या पाण्यात ठेवला तर विष बिघडत नाही का? (मोहोळ)

बहुतेक विषे टिकतात, कुजणे मात्र मंदावते. आपल्याकडच्या मे महिन्यात त्याचीच जास्त गरज. पण ते नुसते खारे पाणी नसते, संपृक्त द्रावण असते. १०० मिली पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळते, म्हणून थोडे मीठ तळाशी न विरघळलेले दिसले पाहिजे. बरणी दोन तृतीयांशच भरतात, कारण वायू सुटून झाकण उडू शकते. त्याच द्रावणाचा कोरा नमुनाही सोबत जातो. नाहीतर सापडलेले रसायन मिठातूनच आले, असा मुद्दा बचाव पक्ष काढणारच.

धान्यात ठेवायच्या गोळ्यांची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडची, गोष्ट वेगळी. त्यातून फॉस्फिन वायू सुटतो, म्हणून बरणी हवाबंद हवी आणि तपासणी लवकर. सिल्व्हर नायट्रेटचा कागद फॉस्फिनने काळा पडतो. पण कुजलेल्या अवयवांतल्या हायड्रोजन सल्फाइडनेही तो काळा पडतो! म्हणून शेजारी लेड अ‍ॅसिटेटचा कागद धरतात. तोही काळा झाला, तर सल्फाइड आहे; मग निव्वळ पहिल्या कागदावरून फॉस्फिन म्हणता येत नाही.

प्रश्न : दुकानावर निनावी पत्र आले. जपून राहावे म्हणून लॅमिनेट करू का? (नवी पेठ, सोलापूर)

मुळीच नको. कागदाच्या लिफाफ्यात ठेवा आणि यापुढे कोणी हात लावू नका. घामातली अमिनो आम्ले कागदात मुरतात. निनहायड्रिनने ती जांभळी होतात, कधी कधी वर्षांनंतरही. त्याआधी हस्ताक्षर आणि वरच्या पानावर लिहिताना खाली उमटलेला दाब तपासून घ्यावा लागतो. द्रावणाने दाबाच्या खुणा जातात, काही शाया पसरतात. निनहायड्रिनला ओलावाही लागतो, म्हणून कोरड्या उन्हाळ्यात आर्द्रतेची पेटी वापरतात. पेट्रोल पंपाच्या पावतीसारखा उष्णतेने छापणारा कागद मात्र या द्रावणात काळा पडू शकतो. त्याला वेगळी पद्धत.

प्रश्न : चोराने चादरीला हात पुसले, ठसे मिळतील? (अक्कलकोट रोड)

जाड विणीवर सहसा नाही. उलट चादरीचे धागे त्याच्या कपड्यांवर चिकटलेले मिळू शकतात. पण सुती धागा सगळीकडे असतो, आणि सोलापुरात एका रंगाच्या लॉटमधून ढीगभर चादरी निघतात. हा पुरावा जोडीला ठीक, एकटा कच्चा.

प्रश्न : आई विड्या वळते. तिचे ठसे मशीन घेत नाही. ते कायमचे गेले का? (सोलापूर)

नाही. झिजतो तो वरचा थर. रेषांचा साचा खालच्या थराशी असतो, त्यामुळे काही आठवडे काम थांबले तर रेषा पुन्हा उठतात. खोल जखमेचा व्रण तेवढा राहतो, आणि तोही ओळखीला उपयोगी पडतो. तोवर हात कोमट पाण्याने धुऊन पुसा आणि अंगठ्याचा हट्ट सोडा. कामात कमी घासणारे बोट लावून पाहा. तेही नाही चालले तर आधारसाठी बुबुळाची किंवा चेहऱ्याची पडताळणी मागा.