पोकाहोन्टास काउंटी : 1822 च्या आधीचे कागद कुठे शोधायचे

ताई, तुमचा प्रश्न असा की मिस्टरांचे पूर्वज 1815 च्या सुमारास अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियातल्या पोकाहोन्टास काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं) शेती करत होते असं सासरी सगळे सांगतात, पण मार्लिन्टन या काउंटीच्या मुख्य गावच्या कोर्टहाऊसमधे 1822 च्या आधीचं एक पान सापडत नाही, मग घरातली गोष्ट खोटी की काय? खोटी नाही हो. 1815 ला ही काउंटीच नव्हती आणि वेस्ट व्हर्जिनिया पण नव्हतं, तो सगळा भाग तेव्हा व्हर्जिनिया राज्यातच होता. माणूस होता तिथेच राहिला, त्याच्या पायाखालची काउंटी बदलत गेली. मी पण पहिल्यांदा सरळ मार्लिन्टनला जाऊन बसलो होतो, अर्धा दिवस फुकट गेला.

ग्रीनब्रायर नदीच्या वरच्या खोऱ्यातला हा सगळा डोंगराळ भाग. 1749 ला जेकब मार्लिन आणि स्टीफन सुएल हे दोघे तिथे येऊन राहिले. मग त्यांचं धर्मावरून वाजलं, इतकं की सुएल झोपडी सोडून जवळच्याच एका पोकळ झाडाच्या बुंध्यात राहायला गेला! 1751 ला अँड्र्यू लुईस जमिनीची मोजणी करत आला तेव्हा त्याला हे दोघे असे सापडले. मैलोन् मैल तिसरा माणूस नाही, आणि हे रोज सकाळी आपापल्या दारातून एकमेकांना अदबीने गुड मॉर्निंग घालणार. वेगळे झाल्यापासून बरं चाललंय असंही त्यांनी सांगितलं म्हणे. त्या जागेला मार्लिन्स बॉटम म्हणायचे, तेच आजचं मार्लिन्टन.

त्या काळी डोंगरापलीकडचा हा मुलूख ऑगस्टा काउंटीत, कोर्ट स्टॉन्टनला (तिथले लोक स्टॅन्टन म्हणतात, फोनवर विचारणार असाल तर लक्षात ठेवा). पुढे वस्ती वाढेल तशी ऑगस्टा आणि तिच्यातून निघालेल्या काउंट्या फुटत गेल्या, 1778 ला ग्रीनब्रायर, मग रँडॉल्फ, पेंडलटन, आणि 1790 ला बाथ. पोकाहोन्टास डिसेंबर 1821 मधे बाथ, पेंडलटन आणि रँडॉल्फचे तुकडे जोडून झाली, त्यात मोठा वाटा बाथचा.

काउंटी तोडून मागायचं कारण अगदी साधं. तेव्हा काउंटी कोर्ट म्हणजे फक्त खटले नव्हेत, जमिनीचं डीड (खरेदीखत), मृत्युपत्र, लग्नाचं लायसन्स, रस्ता कोणी दुरुस्त करायचा, खानावळ कोणी काढायची, सगळं तिथेच. आणि बाथचं कोर्ट वॉर्म स्प्रिंग्जला, म्हणजे अ‍ॅलेगेनीची रांग चढून पलीकडे उतरायचं, घोड्यावर, थंडीत बर्फातून. आज 39 नंबरच्या रस्त्याने मार्लिन्टनहून गाडीने जायचं तरी वळणावळणाचा तासभर लागतो आणि मागे बसलेल्याच्या पोटात ढवळतं. जवळ कोर्ट हवं ही मागणी त्यातूनच.

नावाची पण गंमत आहे. पोकाहोन्टास ही व्हर्जिनियाच्या किनाऱ्याकडची मूळनिवासी बाई 1617 मधेच इंग्लंडमधे वारली, या डोंगरात तिने कधी पाऊल ठेवलं नाही. त्याच सुमाराला शेजारी अ‍ॅलेगेनी काउंटी झाली आणि कारकुनाने दोन नावांची अदलाबदल केली असं तिथे सांगतात. मला ती गोष्ट जरा जास्तच गोड वाटते, पण आवडते.

पहिलं कोर्ट मार्च 1822 मधे हंटर्सविलला जॉन ब्रॅडशॉच्या घरी भरलं, म्हणून तुमच्या नोंदी नेमक्या तिथून सुरू होतात. आणि त्या शिल्लक आहेत यासाठी विल्यम करी या क्लार्कचे (काउंटीची दप्तरं सांभाळणारा अधिकारी) आभार माना. सिव्हिल वॉरमधे (1861 ते 65 चं अमेरिकेतलं उत्तर-दक्षिण युद्ध) दोन्हीकडच्या फौजा या खोऱ्यातून जात-येत होत्या, नोव्हेंबर 1863 मधे ड्रूप माउंटनवर मोठी लढाई झाली, आणि हा माणूस काउंटीची दप्तरं घेऊन या ठिकाणाहून त्या ठिकाणी फिरत राहिला, युद्ध संपल्यावर परत आणून ठेवली. व्हर्जिनियातल्या कितीतरी काउंट्यांचे कागद त्या युद्धात जळालेत, तुलना करून बघा. वेस्ट व्हर्जिनिया वेगळं राज्य झालं तेही त्याच धामधुमीत, 20 जून 1863 ला.

पुढचं थोडक्यात. रेल्वे येणार या हिशोबाने मार्लिन्स बॉटमला जमिनी घेतल्या गेल्या आणि 1891 मधे मतदानाने कोर्ट हंटर्सविलहून तिकडे हललं. गाडी प्रत्यक्षात आली 1900 मधे. तोवर पाइनचे ओंडके नदीच्या पुरात सोडून खाली रॉन्सव्हर्टच्या लाकूड कापायच्या गिरणीपर्यंत वाहून न्यायचे. 1901 ला कास हे लाकडाचं गाव वसलं आणि दहा वर्षांत काउंटीची लोकसंख्या साडेआठ हजारावरून पावणेपंधरा हजारावर गेली. जंगल संपलं, माणसं गेली, 2020 ला आठ हजाराच्या आत. त्यामुळे 1900 नंतर तिथे आलेलं तुमचं आडनाव कुठे सापडलं तर ते आपलेच असं लगेच धरू नका, गिरणीवर आलेले बाहेरचे पण असतील.

आता तुमचं काम. 1791 ते 1821 साठी आधी वॉर्म स्प्रिंग्जला बाथची डीड बुकं बघा. जमीन काउंटीच्या उत्तर टोकाला असेल तर पेंडलटन (फ्रँकलिन) आणि रँडॉल्फ (एल्किन्स). सरकारकडून मिळालेल्या जमिनीच्या मूळ ग्रँट (सनदा) आणि 1782 पासूनच्या वार्षिक टॅक्स याद्या मात्र व्हर्जिनियाची राजधानी रिचमंडला, लायब्ररी ऑफ व्हर्जिनियात. 1863 च्या आधीचं राज्य पातळीवरचं काहीही चार्ल्सटनला (वेस्ट व्हर्जिनियाची राजधानी) विचारण्याआधी तिथे विचारा. टॅक्सच्या याद्या सोडू नका, माणूस कुठल्या वर्षी दिसायला लागला आणि कधी गायब झाला हे त्यातून कळतं. 1821 नंतर बाथच्या यादीतून नाव गेलं आणि 1822 ला पोकाहोन्टासच्या यादीत आलं की तुमचं कोडं सुटलं.

आणि हो, तिथे सातबारा नाही, गट नंबर नाही. डीडमधे लिहिलेलं असतं की अमुक क्रीकच्या (ओढ्याच्या) काठच्या व्हाइट ओकच्या झाडापासून अमुक दिशेला इतके पोल (एक पोल म्हणजे साडेसोळा फूट), तिथून शेजाऱ्याच्या हद्दीपर्यंत, असं. म्हणून आडनावापेक्षा क्रीकचं नाव जास्त कामाचं. सासऱ्यांना विचारा, शेत कुठल्या क्रीकवर होतं, आणि इथे टाका, मग नेमकी कुठली मूळ काउंटी ते नकाशावर बघून सांगतो.