चाल ठरल्यावर, हात उचलण्याआधी

बेटा,
अनेक आशीर्वाद.

जिल्हा बुद्धिबळ स्पर्धेतल्या तुझ्या पाचही डावांच्या शीट मिळाल्या. चाली नीट लिहिल्या आहेस. पण कोणत्या चालीला किती वेळ घेतला, त्या वेळी मनात काय होतं, दुसरी कोणती चाल खेळावीशी वाटली आणि ती का सोडली, यातलं काहीच शीटवर नाही. नुसत्या चालींवरून तू कुठे चुकलीस ते मला दिसतं, का चुकलीस ते दिसत नाही. या पत्रात मला त्या 'का'बद्दलच बोलायचं आहे. पट मांडून घे आणि मगच पुढे वाच.

तिसरा डाव. पांढरी तू. (अक्षर म्हणजे उभी रांग, आकडा म्हणजे आडवी; आधी पांढऱ्याची चाल, मग काळ्याची; मोहऱ्याचं नाव नसेल तर चाल प्याद्याची.) ई४, ई५. घोडा एफ३, डी६. उंट सी४, उंट जी४. घोडा सी३, घोडा सी६. इथे पाचव्या चालीला तू घोड्याने ई५ वरचं प्यादं मारलंस, वजीर उघडा टाकून. हा सापळा कुठून आला ते कळतं. काळ्याने चौथ्या चालीला घोडा सी६ ऐवजी प्यादं जी६ असं काही ढिलं खेळलं असतं आणि नंतर हावरेपणाने तुझा वजीर मारला असता, तर उंट एफ७ वर शह, राजा ई७, घोडा डी५ आणि मात. शाळेतल्या स्पर्धांमध्ये ही मात बऱ्याच मुलांना पाठ असते. तुलाही आहे, आणि ती पाठ असणंच इथे नडलं.

घोडा ई५ वर गेल्यावर काळ्याकडे तीन उत्तरं आहेत. एक, उंटाने वजीर मारणं: मग वरचीच मात, घोडा सी६ वर असला तरी. दोन, डी६ च्या प्याद्याने घोडा मारणं: मग तुझा वजीर जी४ चा उंट मारतो आणि तू एक प्यादं वर. तीन, सी६ च्या घोड्याने तुझा घोडा मारणं. हे तिसरं उत्तर नीट बघ. काळा घोडा ई५ वर आला की तो तिथून जी४ च्या उंटाला राखतो आणि तुझ्या सी४ च्या उंटावरही येतो. तुझ्या वजिराने जी४ वर मारलं तर घोडा वजीर घेतो. म्हणजे एका प्याद्याच्या बदल्यात घोडा गेला. तीनपैकी दोन उत्तरांत तुझं भलं होतं, पण उत्तर कोणतं द्यायचं हे समोरचा ठरवतो.

आता तीच कल्पना एका चालीने पुढे ढकल. पाचव्या चालीला एच३. उंट एच५ वर मागे गेला, तर सहाव्या चालीला घोडा ई५ मार. आता सी६ च्या घोड्याने मारलं तर तुझा वजीर थेट एच५ चा उंट घेतो, कारण ई५ वरचा घोडा जी४ राखतो, एच५ राखत नाही. काळ्या घोड्याने सी४ चा उंट मारला तर वजीर बी५ वर शह देतो आणि पुढच्या चालीला तो घोडा उचलतो. हिशेब केला तर तू एक प्यादं वर. आणि एच३ नंतर उंटाने एफ३ चा घोडाच मारला, तर वजिराने परत घे. एफ७ वर मातेची धमकी आपसूक तयार होते. काळा घाईने घोडा डी४ खेळून तुझ्या वजिरावर आला, तर वजीर एफ७, मात.

दोन्ही स्थितींत खरा फरक उंटाच्या एका घराचा आहे. जी४ वर तीच कल्पना मोहरा घालवते, एच५ वर प्यादं मिळवून देते. मृगाची पहिली सर आली म्हणून कोणी पेरून मोकळा होतो आणि मग दुबार पेरणीची पाळी येते, तसं हे. सर खरीच होती, ओल किती खोल गेली ते पाहायचं राहिलं. पाठ असलेली चाल आठवली की लगेच स्वतःला विचार: ती जिथे चालते त्या स्थितीत आणि माझ्या पटावर फरक काय?

आता रोजची सवय कशी लावायची ते सांगते.

समोरच्याने चाल केली की हात मांडीवर ठेव. आधी त्याची चाल वाच, आणि दोन्ही अंगांनी वाच. ती कशावर आली, हे सगळेच पाहतात. तिने मागे काय सोडलं, हे फार थोडे पाहतात. घोडा एफ६ वरून डी७ ला गेला तर एच७ चा पहारा सुटला. प्यादं पुढे सरकलं तर त्याच्या मागची तिरपी रेघ उघडली. तुझ्या चौथ्या डावात काळ्याचा हत्ती मागच्या रांगेतून उठला होता आणि त्याच्या राजाला खिडकी, म्हणजे पळायला मोकळं घर, नव्हती. तू त्याच वेळी दुसऱ्या टोकाचं प्यादं मारण्यात गुंतलीस.

मग दोन किंवा तीन चाली निवड, त्याहून जास्त नको. शोधताना क्रम ठेव: आधी शह, मग मार, मग धमकी, शेवटी साधी चाल. या क्रमामागे कारण आहे. शहाला आणि माराला समोरच्याकडे उत्तरं कमी असतात, म्हणून तिथली फांदी, म्हणजे त्या चालीतून पुढे निघणारी चालींची साखळी, शेवटपर्यंत पाहता येते. एकेक फांदी घे आणि मारामारी थांबेपर्यंत पुढे जा, मग मोहरे मोज. मध्येच थांबलीस, जिथे अजून एक मार शिल्लक आहे, तर हिशेब हमखास चुकतो.

इथे एक जुना रोग आहे. पहिली चाल पाहिली, मन भरलं नाही. दुसरी पाहिली, त्यातही काही खुपलं. परत पहिली, परत दुसरी. असे बारा मिनिटं गेले, घड्याळ बघून धसका बसला आणि हाताने कधीच न तपासलेली तिसरी चाल खेळली. तुझ्या पाचव्या डावातली २३ वी चाल मला तशीच वाटते. त्यावर उपाय एवढाच: एक फांदी पाहून झाली की तिला मनात एक शब्द दे, 'बरी', 'बरोबरी' किंवा 'वाईट', आणि नवं काही दिसल्याशिवाय तिच्याकडे परत जाऊ नको. दोन्ही 'बरी' निघाल्या तर ज्या चालीनंतर तुझा राजा जास्त सुरक्षित राहतो ती खेळ.

चाल ठरली. आता हात उचलण्याआधी वीस सेकंद. चाल झाली असं समज आणि मनाने समोरच्या खुर्चीत जाऊन बस. तिथून त्याचे सगळे शह बघ, सगळे मार बघ, वेडगळ वाटणारेही. राखलेलं प्यादं वजिराने मारणं तुला मूर्खपणा वाटेल, पण मात तिथूनच होते. तुझ्या स्तरावर हरलेले बहुतेक डाव या वीस सेकंदांत वाचतात, असं माझं ठाम मत आहे. ओपनिंगचे, म्हणजे डावाच्या सुरुवातीचे, आणखी दहा प्रकार पाठ करण्याआधी हे कर.

पूर्वी शिकवायचे की चाल आधी शीटवर लिहावी, एकदा पट बघावा आणि मग खेळावी. आता ते करू नको. फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या नियमात चाल आधी लिहिणं मना आहे, अपवाद बरोबरीचा दावा करतानाचा. खेळ, ज्या हाताने खेळलीस त्याच हाताने घड्याळ दाब, मग लिही. मोहरा सरळ करायचा असेल तर आधी तसं सांग आणि तोही आपल्या पाळीलाच. हात लागलेला मोहरा खेळावाच लागतो, म्हणून हात बोर्डावर तरंगत ठेवायची तुझी सवय मोड.

मनातल्या पटावरच्या चुका वेगळ्या असतात, त्यांच्याविषयी थोडं सविस्तर. क्रोगियस नावाचा सोव्हिएत ग्रँडमास्टर मानसशास्त्रज्ञही होता. चाली मनात पाहताना होणाऱ्या चुकांचे त्याने तीन प्रकार सांगितले आहेत. पहिला, जुनं चित्र: उंट तीन चालींपूर्वी हलला, पण मनात तो जुन्या घरातच उभा आहे आणि तिथून अजून राखतो आहे असं आपण धरतो. दुसरा, पुढचं चित्र: समोरच्याची जी चाल अजून झालेलीच नाही ती झाल्यासारखी वाटते आणि आपण तिच्या भीतीने खेळतो. तिसरा, थिजलेलं चित्र: आपण जिंकलोच आहोत असं मानून पट पाहणंच थांबतं. तुझा चौथा डाव तिसऱ्या प्रकारचा आहे, एक हत्ती वर असताना गेला. हत्ती मिळाल्यानंतरच्या तुझ्या सहा चालींत एकही वाईट हेतूची नाही, फक्त समोरच्याच्या चालींचं उत्तर एकीतही नाही. फांदी लांब असेल तर दर दोन चालींनी मनात मोहऱ्यांची घरं म्हणून घे: राजा जी१, वजीर ई२, त्याचा घोडा डी४. कंटाळवाणं आहे, पण जुनं चित्र असंच पुसलं जातं.

घड्याळ. ९० मिनिटं आणि दर चालीला ३० सेकंद असतील तर ४० चालींसाठी एकूण ११० मिनिटं मिळतात, म्हणजे सरासरी पावणेतीन मिनिटं. सरासरीने खेळायचं नसतं. परत मारण्याची एकच चाल असेल तर वीस सेकंदांची तपासणी पुरे. जिथे परत येता येत नाही तिथे आठ-दहा मिनिटं दे: मधल्या प्याद्यांची मारामार, वजिरांची अदलाबदल, ओळखीची ओपनिंग संपल्यानंतरची पहिली चाल. दहाव्या चालीला ८० मिनिटं, विसाव्याला ५०, तिसाव्याला २५ शिल्लक असावीत, असा अंदाज धर. शीटवर घड्याळाची वेळ लिहायला परवानगी आहे, तेव्हा दर पाच चालींनी कडेला ती लिही. इतर कसलीही टिपणं मात्र लिहू नको. समोरच्याच्या वेळेत फांद्या मोजू नको, तो वेगळंच खेळला की सगळं वाया जातं. त्या वेळात प्यादी बघ, कोणता उंट निकामी आहे ते बघ, कोणते मोहरे बदलले तर आपल्याला सोयीचं ते ठरव.

शेवटच्या टप्प्यासाठी मिनिटं का राखायची, ते नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ च्या जुलैमध्ये दाखवलं. जॉर्जियातल्या बातुमीत महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत कोनेरू हम्पीविरुद्धचे दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत सुटले आणि निकाल रॅपिडमध्ये, म्हणजे कमी वेळाच्या डावांत, लागला. इतक्या वरच्या पातळीवरही अंतिम लढत छोट्या वेळात, दमलेल्या डोक्याने केलेल्या मोजणीवर येऊन ठेपते. तुझ्यासाठी त्याचा अर्थ साधा आहे: उरलेला शेवटचा हत्ती बदलण्याआधी प्याद्यांचा शेवट, म्हणजे फक्त राजे आणि प्यादी उरलेला डाव, मोजून घे. राजा सहाव्या रांगेत आपल्या प्याद्याच्या पुढे असेल तर डाव जिंकता येतो, कोणाचीही पाळी असो. कडेचं प्यादं त्याला अपवाद. प्यादं पुढे आणि राजा मागे असेल तर समोरच्याला बऱ्याचदा बरोबरी मिळते. हे मोजायला दोन मिनिटं लागतात, आणि ती दोन मिनिटं घड्याळात असावी लागतात.

बरोबरीचा प्रस्ताव आला तर लगेच मान हलवू नको. तू नाही म्हणेपर्यंत किंवा खेळण्यासाठी मोहऱ्याला हात लावेपर्यंत तो उभाच असतो. पूर्ण विचार कर. स्वतः द्यायचा असेल तर चाल कर, बोल, मग घड्याळ दाब.

मे महिन्यात अकोला, चंद्रपूरकडे स्पर्धा असेल तर पारा ४५ च्या घरात असतो. दुपारच्या राऊंडआधी पोटभर जेवू नको, पाण्याची बाटली टेबलापाशी ठेव. एसटी उशिरा पोचली आणि धावत हॉलमध्ये गेलीस, तर पहिल्या पाच चाली मुद्दाम सावकाश खेळ, श्वास खाली बसू दे.

आता वही. दोनशे पानी, डाव्या पानावर चाली, उजवं पान रिकामं. डाव झाला त्याच रात्री, इंजिन (चाली तपासणारा बुद्धिबळाचा प्रोग्राम) लावण्याआधी, ज्या चालींना पाच मिनिटांहून जास्त वेळ लागला त्यांच्यासमोर लिही: कोणत्या चाली पाहिल्या, कुठपर्यंत पाहिल्या, कशाची भीती वाटली. भीती लिहायला संकोच करू नको, मला तीच वाचायची आहे. दुसऱ्या दिवशी फोनवर स्टॉकफिश लाव, त्याला नेट लागत नाही. इंजिन चाल सांगतं, कारण सांगत नाही. म्हणून त्याने दाखवलेल्या प्रत्येक मोठ्या चुकीसमोर लाल पेनाने एकच अक्षर टाक: 'न' म्हणजे समोरची चाल पाहिलीच नाही, 'ज' म्हणजे जुनं चित्र, 'ह' म्हणजे हिशेब अर्ध्यात सोडला, 'घ' म्हणजे घड्याळ. वीस डाव झाले की अक्षरं मोज. जे अक्षर सगळ्यात जास्त, तेवढ्यावरच पुढचे दोन महिने काम करू. बाकीचं सध्या सोडून दे.

तालुक्याच्या रॅपिड स्पर्धेत, २५ मिनिटं आणि १० सेकंदांच्या, चाली लिहिणं बंधनकारक नसतं. तरी घरी आल्यावर पहिल्या पंधरा चाली आठवून लिही. आठवत नसतील तर तेही लिही. जिथे आठवण तुटते, तिथे बहुतेक वेळा विचारही तुटलेला असतो.

पुढच्या महिन्यात तीन डाव पाठव, वेळेसकट, उजव्या पानासकट. त्यातला एक जिंकलेला असू दे, आणि त्यातही 'न' शोध.

तुझी,
ताई