लहान लेथ घेतलाय, आता त्याला आधी काय जोडू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरात घरी ७ बाय १४ इंची मिनी लेथ घेतलाय, त्यावर बार्शी लाइट या जुन्या नॅरोगेज रेल्वेच्या वाफेच्या इंजिनाचं मॉडेल करायचंय, हाताशी वीस हजार आहेत. क्विक चेंज टूलपोस्ट (टूल चटकन बदलता येणारा धारक), डिजिटल रीडआउट (माप आकड्यांत दाखवणारा), कोलेट चक (गोल बार धरणारा), लोखंडी गिअर आणि टेपर बेअरिंग, यातलं आधी काय घ्यावं?

माझं मत विचाराल तर सुरुवातीला यातलं काहीच घेऊ नका. एक फोर-जॉ चक (चार जबड्यांचा), एक प्लंजरवाला डायल (सुईने माप दाखवणारं गेज) आणि त्याचा मॅग्नेटिक स्टँड, एचएसएसचे म्हणजे हाय स्पीड स्टीलचे चार टूल बिट आणि ते घासायला साधा बेंच ग्राइंडर नसेल तर तो. बाकीचे पैसे बाजूला ठेवा. मी बरीच वर्षं अक्कलकोट रोडला मागाचे स्पेअर करणाऱ्या वर्कशॉपात सहा फुटी राजकोट लेथवर काम केलंय आणि आता घरी तुमच्यासारखाच मिनी आहे. दोन्हींवर हात बसलेला माणूस म्हणून सांगतो, या छोट्या मशीनची अडचण माप दिसत नाही ही नाहीच. मशीन लवतं ही आहे. सगळं मिळून चाळीसएक किलोचं धूड, त्यात टूलपोस्टखाली स्लाइडवर स्लाइड. टूलला जरा जोर लागला की सगळं मिळून मागे सरतं आणि चॅटरिंग म्हणजे टूलची थरथर सुरू होते. अशा मशीनवर डिजिटल रीडआउट लावला तर दोन शतांश मिलिमीटर चुकलंय हे तुम्हाला सुंदर आकड्यांत दिसेल, एवढंच.

म्हणून पहिलं काम मशीन पक्कं करायचं, आणि त्याला जवळपास पैसे लागत नाहीत.

खालचे रबरी पाय काढून टाका. लेथ जड स्टँडला बोल्टने धरलाच पाहिजे. आपल्याकडे जुन्या मागाच्या बीडाच्या (कास्ट आयर्नच्या) फ्रेम भंगारात मिळतात, त्यावर जाड एमएस प्लेट टाकली तर याहून चांगला स्टँड विकत मिळत नाही. घरातल्या शहाबादी फरशीच्या ओट्यावर बसवायचा मोह होतो, पण बोल्ट आवळताना फरशी तडकते. बोल्ट आवळताना बेडला (लेथच्या लांब पायाला) पीळ बसू शकतो, तो तपासायची जुनी रीत आहे. २५ मिमीचा बार चकमध्ये धरा, शंभर मिलिमीटर बाहेर ठेवा, टेलस्टॉक (चकसमोरचा आधार) लावू नका. दोन टोकांना दोन कडी ठेवून मधला भाग थोडा खाली उतरवा, मग दोन्ही कड्यांवरून एकाच सेटिंगला अगदी हलका कट घ्या आणि मायक्रोमीटरने मोजा. फरक आला तर टेलस्टॉककडच्या एका पायाखाली पातळ पत्री घालायची आणि परत बघायचं. पत्री चुकीच्या बाजूला पडली तर फरक वाढतो, मग दुसऱ्या पायाखाली. कंटाळवाणं काम आहे, पण एकदाच करायचंय.

त्यानंतर गिब, म्हणजे स्लाइडमधली ढिलाई काढणारी पट्टी. क्रॉस स्लाइडच्या बाजूला ओळीने छोटे ग्रब स्क्रू आणि चेकनट दिसतील, त्यांच्या आत गिबची पट्टी असते. ही पट्टी कारखान्यातून बहुतेक वेळा खरबरीतच येते. बाहेर काढा, जाड काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून सपाट घासा, रॉकेल किंवा डिझेलने पुसा, तेल लावून परत बसवा. स्क्रू एकेक करून आवळायचे, हँडल जड झालं की किंचित मागे. सॅडलच्या (टूल घेऊन बेडवरून सरकणाऱ्या भागाच्या) खाली बेडला धरून ठेवणाऱ्या पट्ट्या आहेत त्यांनाही हेच. त्या ढिल्या असतील तर पार्टिंग करताना (जॉब कापून वेगळा करताना) सॅडल उचललं जातं आणि लोक दोष टूलला देतात.

तिसरं, सॅडल लॉक. बऱ्याच मिनी लेथला तो येतच नाही, आणि फेसिंग (टोक सपाट करणं) किंवा पार्टिंगला तो नसला तर सॅडल हळूच सरकतं. सॅडलला वरून आरपार भोक, त्यातून एम६ ॲलन बोल्ट, खाली बेडच्या ओठाखाली बसेल असा चपट्या पट्टीचा तुकडा, त्याला आटे. बोल्ट आवळला की पट्टी वर ओढली जाते आणि सॅडल बेडला जखडतं. भोक पाडण्याआधी खालून टॉर्च मारून बघा, एप्रन (सॅडलपुढचा डबा) आणि त्यातल्या हाफ नटच्या वाटेत काही येऊ नये.

आता फोर-जॉ का, ते सांगतो. सोबत आलेल्या थ्री-जॉमध्ये जॉब एकदा काढून परत धरला की रनआउट (फिरताना डगमग) येणारच. फोर-जॉमध्ये चारही जबडे वेगळे हलतात, त्यामुळे डायल लावून हवं तितकं सरळ आणता येतं, आणि हवं तितकं वाकडंही. वाकडं आणता येणं हेच जास्त कामाचं. चक मागवण्याआधी मात्र तुमच्या स्पिंडल फ्लँजचा उंचवटा आणि बोल्टची भोकं मोजून घ्या. ८० मिमीच्या जागी १०० मिमी घेतला तर मध्ये बॅकप्लेट लागते.

त्यावर पहिला जॉब टेलस्टॉकच्या लिव्हरचा करा. टेलस्टॉक सध्या खालून नटने आवळला जातो, दर वेळी पाना शोधा, आवळा, सोडा. तिथे एक्सेंट्रिक शाफ्ट (मध्यापासून सरकलेला दांडा) घातला की लिव्हर अर्धी फिरवून काम होतं. बार फोर-जॉमध्ये धरायचा, आधी डायल लावून मध्यावर आणायचा. मग एक जबडा सैल, समोरचा आवळ, असं करत सरकवायचा. ऑफसेट म्हणजे मध्यापासूनचं सरकणं १.५ मिमी हवं असेल तर चक हाताने पूर्ण फिरवल्यावर सुई ३ मिमी फिरली पाहिजे, कारण डायल नेहमी ऑफसेटच्या दुप्पट दाखवतो. म्हणूनच प्लंजरवाला, १० मिमी चालीचा डायल घ्या म्हटलं. लिव्हरवाल्याची चाल एवढी नसते. शेजारच्या दोन्ही जबड्यांकडे लक्ष ठेवा, त्या दोन्ही ठिकाणी सुईने सारखाच आकडा दाखवला पाहिजे. वाकडा धरलेला बार फिरताना मशीन हादरतं, स्पीड कमीच ठेवा. हे एकदा जमलं की तुमच्या इंजिनाच्या व्हॉल्व्हचा एक्सेंट्रिक याच हाताने निघेल. वेगळं काही शिकावं लागणार नाही.

चौथी सुधारणा लोकांना पटत नाही. कंपाउंड स्लाइड काढून ठेवा. टूलपोस्टखाली सगळ्यात लवचीक वस्तू तीच आहे. तिच्या जागी त्याच उंचीचा भरीव लोखंडी ठोकळा बसवला की पार्टिंगचा आवाजच बदलतो. ठोकळा मिलिंगवाल्याकडून दोन बाजू समांतर करून घ्या, हे लेथवर करण्याचा अट्टहास नको. कंपाउंड फेकू मात्र नका, टेपर काढताना ती लागेल. आणि शेवटचं बारीक माप गाठायचं असेल तर ती बेडच्या दिशेपासून ५.७४ अंशांवर लावली की डायलवरच्या ०.१ मिमीला टूल आत फक्त ०.०१ मिमी जातं. रीडआउट नसताना आमचे जुने टर्नर हेच करायचे.

एवढं झालं की क्विक चेंज टूलपोस्ट घ्या, आणि तो वेज टाइपचा घ्या. तुमच्या यादीतली सगळ्यात उपयोगी वस्तू तीच, यात वाद नाही. सोबत आलेल्या चौकोनी टूलपोस्टमध्ये सेंटर हाइट आणायला हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्यांचं पॅकिंग लावत बसावं लागतं. ते वाईट नाही, आम्ही वर्षानुवर्षं केलं, पण घरी संध्याकाळचे दोन तास मिळतात त्यात ते परवडत नाही. होल्डर कमी आले तर जास्तीचे घ्या, चारांत भागत नाही. टूल मात्र एचएसएसच ठेवा. इन्सर्टला (बदलत्या कार्बाइड धारेला) दाब आणि स्पीड लागतो, तो हा लेथ देत नाही. नीट घासलेला एचएसएस बिट कमी जोरात कापतो. पितळेला वरचा रेक (टूलच्या वरच्या बाजूचा उतार) शून्य ठेवा, नाहीतर टूल आत ओढलं जातं.

डिजिटल रीडआउट सोडाच म्हणणार नाही, पण शेवटी. सॅडलच्या हालचालीसाठी बेडवर मॅग्नेटिक स्टँड आणि तोच डायल लावला की जॉबवरच्या पायरीची लांबी बरोबर येते. स्वस्त कपॅसिटिव्ह स्केल तेल आणि कीस बसला की भलतेच आकडे दाखवतात. घ्यायचाच झाला तर मॅग्नेटिक स्केलवाला घ्या आणि आधी क्रॉस स्लाइडला लावा.

गिअरचं म्हणाल तर प्लास्टिकचे आहेत ते राहू द्या. सॅडल चकवर आदळलं तर ते दात फ्यूजसारखे आधी जातात आणि मोटर, लीड स्क्रू वाचतात. एक जादा सेट घरात ठेवा. टेपर बेअरिंगनं फिनिश सुधारतं हे खरं, पण वाचलं म्हणून लगेच बदलायला जाऊ नका. या लेथमध्ये सहसा ६२०६ बॉल बेअरिंग असतात, रुंदी १६ मिमी. त्याच भोकाचं ३०२०६ टेपर बेअरिंग १७.२५ मिमीचं आहे. म्हणजे दोन्ही मिळून अडीच मिलिमीटर कुठून तरी काढावे लागतात, स्पेसर घासावे लागतात. प्रीलोड (बेअरिंग आवळण्याचा दाब) जास्त झाला तर हेडस्टॉक तापतो, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात तो आधीच तापलेला असतो. बदललेच तर मधल्या स्पीडला पंधरा मिनिटं मोकळं चालवून हेडस्टॉकला हात लावा. कोमट ठीक. हात टिकत नसेल तर नट सैल करा.

उन्हाळ्याचंच आणखी एक. मोटरचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो, म्हणून अगदी कमी स्पीडला जड काम केलं की पंखाही हळू आणि करंट मात्र जास्त. दुपारी चाळीसच्या वर पारा असताना मोटर अशीच जळते. हलके कट घ्या, मध्ये मोकळी फिरवा. कंट्रोल कार्डाच्या डब्यात कीस जाणार नाही असा पत्रा वाकवून लावा, लोखंडाचा एक कण पुरतो. लीड स्क्रूवरही झाकण करा. आणि गळ्यातला सोलापुरी टॉवेल मशीन सुरू करण्याआधी खुंटीला. घाम पुसायला हवा असतो, कळतं मला, पण चकमध्ये टॉवेलचं टोक गेलं की मान त्याच्या मागे जाते. हातमोजे, अंगठी, लांब बाह्या यांचंही तेच.

आता इंजिन. बार्शी लाइटच्या दोन रुळांतलं अंतर ७६२ मिमी होतं. ४५ मिमी गेजच्या मॉडेल ट्रॅकवर करणार असाल तर प्रमाण साधारण १:१७ पडतं. किट्सन या इंग्रजी कंपनीची जी मोठी टाकीवाली इंजिनं होती त्यांना आठ जोडलेली चाकं आणि मागे चार. आठही जोडचाकांचा व्यास तंतोतंत सारखा हवा, नाहीतर चाकं जोडणारे कपलिंग रॉड बसवल्यावर चाकं एकमेकांना ओढत बसतील. त्यासाठी कोलेट चक लागत नाही. चाकाची मागची बाजू फेस करा, त्याच पकडीत ड्रिल करून रीमर (भोक अचूक मापाला आणणारं हत्यार) मारा, म्हणजे भोक आणि मागची बाजू काटकोनात येतात. असं आठही चाकांचं उरका. मग चकमध्ये एक तुकडा धरून त्याच्यावर भोकाच्या मापाचा मँड्रेल (चाक चढवायचा दांडा) जागेवरच टर्न करा, टोकाला आटे आणि नट. आता तो मँड्रेल शेवटचं चाक होईपर्यंत चकमधून काढायचा नाही. एकेक चाक चढवून रफ करा. शेवटी नवीन धार लावून क्रॉस स्लाइड एका मापाला आणा, तिचा गिब स्क्रू आवळून लॉक करा आणि आठही चाकांवरून तोच कट फिरवा. टूल मागे घ्यायचं नाही, सॅडल मागे न्यायचं आणि चाक बदलायचं. व्यास ठरवलेल्यापेक्षा पाच शतांश कमी आला तरी फरक पडत नाही, आठही सारखे आले म्हणजे झालं.

आसांसाठी सेंटरमध्ये, म्हणजे दोन टोकदार आधारांमध्ये, काम करा. चकमध्ये तुकडा धरून ६० अंशांचा सेंटर तिथेच टर्न करा, तो आपोआप खरा असतो. दुसऱ्या बाजूला टेलस्टॉकमध्ये एमटी२ (मोर्स टेपर २) चा रिव्हॉल्विंग सेंटर, तेवढा मात्र विकत घ्या, ड्रिल चकसोबत. ईआर३२ कोलेट २० मिमीपर्यंत धरतं आणि छोट्या पिनांच्या कामाला छान आहे. इंजिनाची हँडरेल आणि पिना करायला बसाल तेव्हा बघू.

चाकांची कास्टिंग बीडाची आणणार असाल तर पहिला कट भीतभीत घेऊ नका. वरची साल कडक असते, तिच्यात वाळूही असते, हलका कट घेतला तर टूल नुसतं सालीवर घासून धार घालवतं. सालीच्या खाली जाईल इतका खोल घ्या, स्पीड कमी. बीड कोरडंच कापायचं, तेल घालायचं नाही. कापण्याआधी बेडवर जुनं कापड अंथरा, त्याची टोकं चकपासून लांब दाबून ठेवा, कारण त्या काळ्या भुकटीत ग्रॅफाइटसोबत वाळू असते आणि ती सॅडलखाली गेली की बेड खाते. काम झालं की ब्रशने झाडा, बेड पुसा, मगच तेल लावा.