पोरीला घेऊन पहिल्यांदा टेकडीवर जाताय ना?

अहो, चार वर्षांची आहे ना, मग सिंहगडाचं नाव सध्या काढूच नका. आम्ही तीच चूक केली, रविवारी निघालो उशिरा, ट्रॅफिकमधे अडकलो आणि पायथ्याला पोचेपर्यंत पोरगं गाढ झोपलेलं. सुरुवात पर्वतीने करा, १०३ पायऱ्या, त्याही बसक्या, वरून अख्खं पुणं दिसतं आणि "आपलं घर कुठंय" हा खेळ अर्धा तास सहज चालतो. मग तळजाई, वेताळ टेकडी नंतर. तिथे सकाळी मोर ओरडतात, आमचा लेक अजून त्याला मांजर म्हणतो.

एवढंच सांभाळा:
- साडेसहाला घर सोडा, ऊन चढलं की किरकिर सुरू.
- पाणी-खाऊ तिच्याच छोट्या सॅकमधे, मिरवतात हो!
- नवे कोरे बूट त्या दिवशी नकोत.

आणि टोक गाठायचा हट्ट धरू नका. आमचा एकदा मुंगळ्यांची रांग बघत बसला, मी घाईने उचललं तर जे भोकाड पसरलं ते थेट घरापर्यंत. आता मीपण शेजारी उकिडवा बसतो. स्टिक वगैरे खरेदी नंतर बघू, आधी दोन-तीन रविवार होऊ द्यात.