मुमताज वारली बुऱ्हाणपूरला, मग ताजमहाल आग्र्याला का बांधला?

आमचं गाव रावेर तालुक्यात, बुऱ्हाणपूर आम्हाला जळगावपेक्षा जवळ, त्यामुळे हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकतोय. तिकडचे गाइड ठरलेली कारणं सांगतात की तापीकाठच्या मातीला वाळवी लागते, तापीत प्रतिबिंब नीट पडलं नसतं, आणि राजस्थानातल्या मकराण्याचा संगमरवर इतक्या लांब आणायचा कसा. मी एकदा विचारलं, दादा वाळवी दगडाला काय करणार? तर म्हणे साहेब दारं-खिडक्या लाकडाच्याच असतात ना! 😄

संगमरवराचं सोडलं तर बाकीचं मला तरी पटत नाही. शहाजहान बुऱ्हाणपूरला राहायला नव्हता आला, खानजहान लोदी या मुघल सरदाराचं बंड मोडायला आणि दख्खनच्या मोहिमेसाठी तळ टाकून बसलेला. बायको सोबत होती, ती जून 1631 मध्ये चौदाव्या बाळंतपणात गेली, मुलगी जगली, गौहरआरा. किल्ल्यासमोर तापीच्या पलीकडे जैनाबादला आहुखाना म्हणून बाग आहे तिथे तिला तात्पुरतं दफन केलं आणि सहाएक महिन्यांत शुजा या मुलासोबत शव आग्र्याला पाठवलं, बादशहा स्वतः नंतर गेला. म्हणजे कायमची कबर राजधानीतच हे तेव्हाच ठरलेलं होतं.

आणि तेव्हा इकडची हालत काय होती ते पण बघा, 1630-31 चा भयंकर दुष्काळ, ज्यात तुकोबांची पहिली बायको अन्नावाचून गेली तोच. अशा मुलखात मजूर, बैल, दाणागोटा कुठून आणणार होता? (हे माझं मत, कागदोपत्री कारण म्हणून कुठे नाही.)

उलट आग्र्याला यमुनाकाठची जागा राजा जयसिंगाची होती, ती बदल्यात हवेल्या देऊन घेतली, आणि मकराण्याच्या दगडासाठी गाड्या नि पाथरवट पुरवा म्हणून फर्मानं पण त्याच्याच नावाने निघाली. हा जयसिंग म्हणजे आपले पुरंदरच्या तहाचे मिर्झाराजे बरं का, तेव्हा ऐन विशीत होते.

आहुखान्यात आता पडक्या भिंती सोडून फार काही नाही. जाणार असाल तर आधी किल्ल्यातला हमाम (स्नानगृह) बघा, छतावरची रंगीत नक्षी अजून टिकून आहे, मग मावा जलेबी खा आणि ऊन उतरल्यावर नदीपलीकडे जा.